जिओसिंथेटिक साहित्य

माती, खडी किंवा खडक यांच्या थरांमध्ये अथवा त्यांच्या संपर्कात वापरण्यासाठी मुख्यतः बहुवारिकांपासून (पॉलिमर) कारखान्यात तयार केलेली कापडे, जाळ्या, पटले, चटया व ठोकळे यांना एकत्रितपणे जिओसिंथेटिक साहित्य किंवा भूसंश्लिष्ट साहित्य असे म्हणतात. रस्ते, लोहमार्ग, भराव, संधारक भिंती, धरणे, कालवे, समुद्रकिनाऱ्यांचे संरक्षण, घनकचऱ्याची भूभराव क्षेत्रे आणि शेततळी अशा अनेक बांधकामांत त्याचा उपयोग करतात. पूर्वी वाळू, खडी किंवा चिकणमातीच्या जाड थरांकडून करून घेतले जाणारे काम हे साहित्य काही मिलिमीटर जाडीत करते. ३० सेंटिमीटर जाडीच्या वाळूच्या गाळणथराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम भरते. त्याऐवजी योग्य ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या भूवस्त्राचे वजन तेवढ्याच क्षेत्राला काही शे ग्रॅम असते. मात्र हे साहित्य एकदा गाडले गेले की पुन्हा दिसत नाही आणि सहसा दुरुस्तही करता येत नाही. त्यामुळे त्याची निवड, अंथरणी आणि गाडण्यापूर्वीची तपासणी यांवर बांधकामाची सुरक्षितता अवलंबून असते.

## संज्ञा

‘जिओ’ हा पृथ्वी किंवा भूमी या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला उपसर्ग आहे, तर ‘सिंथेटिक’ म्हणजे संश्लेषणाने तयार केलेले. ‘जिओटेक्स्टाईल’ आणि ‘जिओमेम्ब्रेन’ हे शब्द फ्रेंच अभियंता झाँ-पियेर जिरू यांनी १९७७ साली पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्रथम मांडले. पुढे या कुलातील सर्व साहित्याला ‘जिओसिंथेटिक्स’ हे सामूहिक नाव मिळाले. भारतीय मानक ब्यूरोने काथ्याच्या जिओटेक्स्टाईलसाठीच्या मानकांत ‘भूवस्त्र’ हा शब्द स्वीकारला आहे.

## कार्ये

एखाद्या बांधकामात हे साहित्य पुढीलपैकी एक किंवा एकाहून अधिक कार्ये करते.

* विलगीकरण : भिन्न गुणधर्मांचे दोन थर एकमेकांत मिसळू न देणे. काळ्या मातीवर थेट खडी पसरली, तर पावसाळ्यात मऊ झालेल्या मातीत खडी रुतते आणि माती खडीच्या पोकळ्यांत वर चढते. मध्ये भूवस्त्र असल्यास खडीच्या थराची जाडी टिकून राहते.
* गाळण : पाण्याला वाट देणे, पण त्याबरोबर मातीचे कण वाहून जाऊ न देणे.
* निचरा : साहित्याच्या प्रतलातून पाणी किंवा वायू वाहून नेणे.
* प्रबलन : मातीला ताण सहन करण्याची शक्ती देणे. माती दाब बऱ्यापैकी सहन करते, परंतु तिचे ताणबल नगण्य असते. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या जे काम करतात, तेच काम येथे जाळी किंवा कापड करते.
* अटकाव : पाणी, दूषित द्रव किंवा वायू यांना पलीकडे जाऊ न देणे.
* संरक्षण : नाजूक पटलाला अणकुचीदार खडीपासून वाचवणे.
* धूप नियंत्रण : उतारावरील माती पाऊस व वाऱ्यामुळे वाहून जाण्यापासून रोखणे.

गाळणकार्यात एक मूलभूत विरोध आहे. छिद्रे बारीक ठेवली तर माती अडते, पण कापड गाळाने बुजण्याची शक्यता वाढते. छिद्रे मोठी ठेवली तर पाणी सहज जाते, पण त्याबरोबर माती निघून जाऊन मागे पोकळी तयार होते. म्हणून कापडाच्या छिद्रांचा आकार त्या जागेवरील मातीच्या कणांच्या आकारमानाशी पडताळून ठरवतात आणि कापडाची पार्यता मातीच्या पार्यतेपेक्षा जास्त ठेवतात.

## प्रकार

### भूवस्त्र (जिओटेक्स्टाईल)

पाणी झिरपू देणारे कापड. ते मागावर विणलेले किंवा विणरहित असते. विणरहित प्रकारात तंतूंचा थर काटेरी सुयांनी टोचून एकमेकांत गुंतवतात किंवा उष्णतेने सांधतात. विणलेल्या कापडाचे ताणबल अधिक असते, म्हणून ते प्रबलन व विलगीकरण यांसाठी उपयोगी पडते. सुईने टोचलेले जाडसर कापड गाळण, निचरा व संरक्षण यांसाठी निवडतात.

### भूजालक (जिओग्रिड)

मोठ्या चौकटी असलेली ताठ किंवा लवचिक जाळी. हिच्या चौकटींत खडी व माती अडकून बसते आणि त्यामुळे थर बाजूला सरकत नाही. एकाच दिशेने ताण घेणारी जाळी भिंती व उतार यांत, तर दोन किंवा अधिक दिशांनी ताण घेणारी जाळी रस्ते व लोहमार्गांखाली वापरतात.

### भूपटल (जिओमेम्ब्रेन)

जवळजवळ अपार्य असे अखंड पटल. उच्च घनता पॉलिएथिलीन (एचडीपीई), रेषीय अल्प घनता पॉलिएथिलीन, पीव्हीसी आणि काही प्रकारची रबरे यांपासून ते बनवतात. पृष्ठभाग गुळगुळीत किंवा घर्षण वाढवण्यासाठी खरबरीत ठेवलेला असतो.

### भूसंश्लिष्ट चिकणमाती अस्तर (जीसीएल)

दोन भूवस्त्रांच्या मध्ये सोडियम बेंटोनाइट या चिकणमातीची पूड भरून तयार केलेली चटई. पाणी लागताच बेंटोनाइट फुगते व वाट बंद करते. चटईची जाडी साधारण ५ ते १० मिलिमीटर असते. संपर्कातील पाण्यात कॅल्शियमचे प्रमाण जास्त असेल, तर सोडियमची जागा कॅल्शियम घेते, फुगण्याची क्षमता घटते आणि अस्तराची पार्यता वाढते.

### निचरा जाळी व संयुक्त साहित्य

निचरा जाळी (जिओनेट) ही एकमेकींवर तिरक्या बसवलेल्या जाड प्लास्टिक दोऱ्यांची बनलेली असते व तिच्या पोकळ्यांतून पाणी वाहते. तिच्या बाजूंना भूवस्त्र चिकटवले की संयुक्त साहित्य (जिओकॉम्पोझिट) तयार होते. मऊ चिकणमातीत उभी खुपसली जाणारी निचरापट्टी हाही याच वर्गातील प्रकार आहे. सुमारे १० सेंटिमीटर रुंदीच्या या पट्ट्यांमुळे मातीतील पाण्याला बाहेर पडण्यासाठी कमी अंतर कापावे लागते आणि अनेक वर्षे चालणारे खचणे काही महिन्यांत उरकते. मुंबई व नवी मुंबईच्या खाडीकाठच्या सागरी चिकणमातीत या पद्धतीचा उपयोग झाला आहे.

### भूकोष व भूफेस

भूकोष (जिओसेल) ही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उघडणारी पट्ट्यांची रचना असून तिच्या कप्प्यांत माती, वाळू किंवा खडी भरतात. भूफेस (जिओफोम) म्हणजे विस्तारित पॉलिस्टायरीनचे अतिशय हलके ठोकळे. मऊ जमिनीवर मातीऐवजी त्यांचा भराव घातला, तर खालच्या जमिनीवरचा भार एकदम कमी होतो.

### नैसर्गिक तंतूंची भूवस्त्रे

काथ्या व ताग यांपासून विणलेली भूवस्त्रे काटेकोर अर्थाने संश्लिष्ट नसली, तरी त्यांचा विचार याच विषयात करतात. ती काही काळाने कुजून मातीत मिसळतात. काथ्यात लिग्निनचे प्रमाण अधिक असल्यामुळे तो तागापेक्षा जास्त काळ टिकतो. उतारावर गवत रुजून त्याची मुळे माती धरेपर्यंतच आधाराची गरज असेल, तेथे हे कुजणे गुणच ठरते.

## इतिहास

मातीत तंतुमय पदार्थ घालून ती बळकट करण्याची कल्पना प्राचीन आहे. इराकमध्ये बगदादजवळ अकर कुफ येथील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या झिगुरातमध्ये विटांच्या थरांमध्ये वेताच्या चटया घातलेल्या आढळतात. चीनच्या भिंतीच्या पश्चिमेकडील वाळवंटी भागात हान राजवटीत खडी-मातीच्या थरांबरोबर बोरू व झाऊच्या फांद्यांचे थर रचले होते. भारतातही चिखलात भाताचा पेंढा किंवा भुसा कालवून भिंती घालण्याची रीत सर्वत्र होती.

आधुनिक काळात अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या महामार्ग विभागाने १९२६ पासून रस्त्यांच्या थरांत जाड सुती कापड घालून प्रयोग केले. कापड असेपर्यंत रस्त्याला तडे व खड्डे कमी पडले, पण सूत कुजत असल्यामुळे हा मार्ग पुढे गेला नाही. न कुजणारे कृत्रिम तंतू दुसऱ्या महायुद्धानंतर मुबलक झाले, तेव्हा या कल्पनेला खरी गती मिळाली.

१९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राच्या महापुराने नेदरलँड्समध्ये १,८०० हून अधिक बळी घेतले. त्यानंतर हाती घेतलेल्या डेल्टा प्रकल्पात समुद्रतळाची वाळू धुपू नये म्हणून कृत्रिम तंतूंची कापडे मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. १९८६ साली पूर्ण झालेल्या ऑस्टरस्केल्डे येथील वादळरोधक बांधाचे खांब वाळू व खडी भरलेल्या सुमारे २०० मीटर लांब आणि ४२ मीटर रुंद गाद्यांवर उभे आहेत. त्याच सुमारास अमेरिकेत किनारी बांधकामांत दगडांखालच्या वाळूच्या गाळणथराऐवजी विणलेले प्लास्टिक कापड वापरले जाऊ लागले. त्याचा अनुभव आर. जे. बॅरेट यांनी १९६६ साली शोधनिबंधातून मांडला.

प्रबलनाच्या बाजूने फ्रेंच अभियंता आंरी व्हिदाल यांनी १९६० च्या दशकात पोलादी पट्ट्या घालून ‘प्रबलित माती’ची पद्धत विकसित केली, पुढे पट्ट्यांच्या जागी कापड व जाळी आली. मातीच्या धरणात गाळण म्हणून भूवस्त्राचा पहिला उपयोग १९७० साली फ्रान्समधील व्हालक्रो धरणात झाला. अटकावासाठी पटलाचा धरणातील आरंभीचा उपयोग इटलीतील काँत्रादा साबेत्ता येथे १९५९ साली झाला होता. नॉर्वेमध्ये १९७२ साली मऊ जमिनीवरील रस्त्याच्या भरावात भूफेसाचे ठोकळे वापरण्यात आले. त्याच दशकात अमेरिकी सैन्याच्या अभियांत्रिकी विभागाने वाळूवरून वाहने नेण्यासाठी भूकोषांचे प्रयोग केले, तर ब्रिटनमध्ये ब्रायन मर्सर यांनी ताणून तयार केलेली भूजालके विकसित केली. या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संस्था, इंटरनॅशनल जिओसिंथेटिक्स सोसायटी, १९८३ साली पॅरिस येथे स्थापन झाली.

## कच्चा माल व टिकाऊपणा

पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन व पॉलिएस्टर ही प्रमुख बहुवारिके होत. प्रत्येकाचे कच्चे दुवे वेगळे आहेत.

पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन रासायनिक दृष्ट्या बरीच निष्क्रिय असतात, परंतु दीर्घकाळ ताणाखाली राहिल्यास ती हळूहळू लांबत जातात. या गुणधर्माला विसर्पण (क्रीप) म्हणतात. पॉलिएस्टरमध्ये विसर्पण कमी असते. मात्र अतिशय अल्कधर्मी परिसरात, म्हणजे ताज्या काँक्रीटच्या किंवा चुनामिश्रित मातीच्या सान्निध्यात, पाण्याच्या क्रियेने त्याच्या रेणुसाखळ्या तुटतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण सर्वच प्रकारांना घातक असतात. त्यापासून बचाव व्हावा म्हणून भूपटलांत २ ते ३ टक्के काजळी (कार्बन ब्लॅक) मिसळतात. त्यांचा काळा रंग तिच्यामुळे असतो.

प्रबलनासाठीचे साहित्य निवडताना प्रयोगशाळेत मिळालेले ताणबल जसेच्या तसे धरत नाहीत. अंथरताना होणारी इजा, विसर्पण आणि रासायनिक झीज यांसाठी वेगवेगळ्या गुणकांनी त्याला भागतात. समजा, एका भूजालकाचे कमाल ताणबल दर मीटर रुंदीला १०० किलोन्यूटन आहे आणि हे तीन गुणक अनुक्रमे १.१, २.० व १.१ आहेत. त्यांचा गुणाकार २.४२ येतो आणि आराखड्यात केवळ सुमारे ४१ किलोन्यूटन एवढेच बल धरता येते.

गाडलेल्या पटलाचे आयुष्य मुख्यतः तापमानावर ठरते. अमेरिकेतील जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटने प्रयोगांवरून केलेल्या अंदाजानुसार, उन्हापासून झाकलेल्या उच्च घनता पॉलिएथिलीन पटलाचे गुणधर्म निम्म्यावर येण्यास २० अंश सेल्सिअसला चार शतकांहून अधिक काळ लागतो. ४० अंशांना हाच काळ सुमारे सात दशकांवर येतो. कुजणारा कचरा उष्णता निर्माण करतो, त्यामुळे भूभराव क्षेत्रात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

## उपयोग

### रस्ते व लोहमार्ग

मऊ मातीवरील रस्त्यांत विलगीकरण व प्रबलन यांसाठी भूवस्त्र आणि भूजालक घालतात. जुन्या डांबरी रस्त्यावर नवा थर देताना खालचे तडे वर उमटू नयेत म्हणून डांबरात भिजवलेले भूवस्त्र किंवा काचतंतूंची जाळी मध्ये बसवतात. लोहमार्गाखाली गाड्यांच्या वारंवार दाबाने चिखल खडीत वर येऊ नये, यासाठी भूवस्त्र वापरतात.

### प्रबलित मातीच्या भिंती व उतार

शहरांतील उड्डाणपुलांच्या दोन्ही बाजूंच्या चढणीवर नक्षीदार काँक्रीट पट्टांच्या ज्या उभ्या भिंती दिसतात, त्यांपैकी बहुतेक प्रबलित मातीच्या असतात. दर्शनी पट्टाच्या मागे ठरावीक अंतरावर आडवी अंथरलेली भूजालके किंवा पट्ट्या आणि त्यांच्यावर दाबलेली माती मिळून एकसंध वस्तुमान तयार होते. भार तेच तोलते. पट्ट मुख्यतः पृष्ठभागाची माती धरून ठेवतो. सिक्कीममधील पाक्योंग विमानतळासाठी (उद्घाटन २०१८) डोंगरउतारावर ७० मीटरहून अधिक उंचीची प्रबलित मातीची रचना उभारण्यात आली आहे.

अशा रचना लवचिक असल्यामुळे भूकंपात चांगल्या टिकतात. जपानमधील कोबे शहराला १९९५ साली बसलेल्या भूकंपात पारंपरिक पद्धतीच्या अनेक संधारक भिंती कोसळल्या, तर त्याच परिसरातील भूजालकांनी प्रबलित केलेली तानाता येथील रेल्वेमार्गाची भिंत किंचित झुकूनही उभी राहिली.

### धरणे, कालवे व किनारे

कालव्यांतून होणारी पाण्याची गळती रोखण्यासाठी आणि जुन्या दगडी धरणांचा पाझर थांबवण्यासाठी भूपटले वापरतात. तमिळनाडूतील कदंबारै या दगडी धरणाच्या जलाशयाकडील दर्शनी भागावर २००५ साली पीव्हीसी पटल बसवून गळती आटोक्यात आणण्यात आली. किनारा धुपत असेल तेथे वाळूने भरलेल्या भूवस्त्राच्या प्रचंड नळ्या (जिओट्यूब) ठेवून लाटांचा मारा अडवतात. ओडिशातील पेंथा येथे असे संरक्षण उभारले आहे.

### घनकचऱ्याची भूभराव क्षेत्रे

कचऱ्याच्या ढिगातून पावसाचे पाणी झिरपत जाते, तेव्हा त्यात सेंद्रिय द्रव्ये, क्षार व जड धातू विरघळतात. हे दूषित पाणी (लीचेट) भूजलात गेल्यास आसपासच्या विहिरी निकामी होतात. एकदा दूषित झालेले भूजल स्वच्छ करणे अतिशय कठीण व खर्चिक असते. त्यामुळे शास्त्रोक्त भूभराव क्षेत्राच्या तळाशी दाबलेली चिकणमाती, तिच्यावर भूपटल, त्यावर संरक्षक भूवस्त्र आणि सर्वांत वर दूषित पाणी गोळा करणारा निचराथर अशी रचना करतात.

अमेरिकेत १९९१ साली जाहीर झालेल्या संघराज्य नियमांनी शहरी घनकचऱ्यासाठी संयुक्त अस्तर आवश्यक ठरवले. भारताच्या घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये १.५ मिलिमीटर जाडीचे उच्च घनता पॉलिएथिलीनचे किंवा समतुल्य पटल, त्याखाली ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा किंवा सुधारित मातीचा थर, आणि तळापासून भूजलाची सर्वोच्च पातळी किमान २ मीटर खाली असावी, अशा अटी होत्या. मातीच्या थराची पार्यता सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोट्यांशापेक्षा जास्त नसावी, अशीही अट होती.

पटल जवळजवळ अपार्य असताना खाली चिकणमाती कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, कितीही काळजी घेतली तरी मोठ्या क्षेत्रावर एखादे छिद्र राहतेच. एक चौरस सेंटिमीटरच्या एका छिद्रावर ३० सेंटिमीटर उंचीचे पाणी उभे असेल आणि खाली मोकळी खडी असेल, तर जलगतिकीच्या साध्या सूत्रानुसार दिवसाला सुमारे १२,५०० लिटर पाणी गळून जाईल. त्याच छिद्राखाली वरील नियमातील पार्यतेची, पटलाला घट्ट चिकटलेली चिकणमाती असेल, तर जिरू यांच्या सूत्रानुसार गळती दिवसाला सुमारे अर्ध्या लिटरवर येते. पटलामुळे पाण्याला फक्त छिद्रापुरतीच वाट मिळते आणि चिकणमाती ती वाटही बुजवते. पटलाला सुरकुती पडून खाली पोकळी राहिली, तर पाणी त्या पोकळीत पसरते व हा लाभ बराच कमी होतो.

### शेततळ्यांचे अस्तरीकरण

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचा या साहित्याशी सर्वाधिक परिचय शेततळ्यांमुळे झाला आहे. मुरमाड व सच्छिद्र जमिनीत साठवलेले पाणी पाझरून जाऊ नये म्हणून तळ्याच्या तळाशी व उतारांवर प्लास्टिकचे पटल अंथरतात. ग्रामीण भागात याला ‘शेततळ्याचा कागद’ किंवा नुसते ‘अस्तर’ म्हणतात. फलोत्पादन अभियानातील सामुदायिक शेततळ्यांसाठी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, जाडीचे पटल विहित आहे. द्राक्ष व डाळिंब यांच्या बागा उन्हाळ्यात जगवण्यासाठी नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांत अशी तळी मोठ्या संख्येने आहेत.

पटल घालण्यापूर्वी तळाशी असलेले दगड, मुळे व खुंट काढून पृष्ठभाग दाबून घ्यावा लागतो. पटलाच्या कडा काठाभोवती खोदलेल्या चरात मातीने गाडतात. पाणी कमी असताना उघडा पडणारा भाग ऊन, उंदीर, खेकडे व जनावरांचे खूर यांमुळे लवकर फाटतो.

या तळ्यांबाबत दोन गंभीर प्रश्न आहेत. पहिला सुरक्षिततेचा. ओले पटल अत्यंत निसरडे असते, त्यामुळे तळ्यात पडलेल्या माणसाला पोहता येत असले तरी उतारावरून वर चढता येत नाही. अशा तळ्यांत बुडून मुलांचे व मोठ्यांचे मृत्यू झाले आहेत. भोवती कुंपण घालणे आणि काठावर पक्क्या बांधलेल्या गाठी मारलेल्या दोऱ्या, शिड्या किंवा टायर आत सोडून ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. दुसरा प्रश्न पाण्याचा. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवण्याची आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विहिरी व कूपनलिकांतून उपसलेले पाणी अशा तळ्यांत भरून ठेवतात. त्यातून सामाईक भूजल एका शेतकऱ्याच्या ताब्यात जाते आणि उघड्या पृष्ठभागावरून त्याचे बाष्पीभवनही होते. अस्तर असल्यामुळे यातील पाणी झिरपून परत भूजलाला मिळत नाही.

## अपयशे व त्यांचे धडे

१९ मार्च १९८८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात केटलमन हिल्स येथील घातक कचऱ्याच्या भूभराव क्षेत्रात सुमारे २७ मीटर उंचीपर्यंत रचलेल्या कचऱ्याचा संपूर्ण ढीग सरकला. तो आडव्या दिशेने १० मीटरहून अधिक सरकला आणि काही भागात ४ मीटरहून अधिक खचला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जे. के. मिचेल, आर. बी. सीड व एच. बी. सीड यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कचरा किंवा खालची जमीन यांची ताकद संपलेली नव्हती. अस्तराच्या थरांमधील संपर्कपृष्ठे, विशेषतः गुळगुळीत पटल व ओली चिकणमाती यांमधील पृष्ठ, अतिशय निसरडी ठरली होती. तेथील घर्षणकोन काही ठिकाणी ८ ते ९ अंश इतकाच होता. सामान्य वाळूचा घर्षणकोन ३० अंशांच्या आसपास असतो.

गळती रोखण्यासाठी घातलेला प्रत्येक थर ढीग घसरण्यासाठी एक नवे प्रतल निर्माण करतो, हे या घटनेने ठळकपणे दाखवून दिले. त्यानंतर प्रकल्पात वापरावयाच्या नेमक्या साहित्यावर घर्षणाच्या चाचण्या घेण्याची पद्धत रूढ झाली, उतारांवर खरबरीत पटलांचा वापर वाढला आणि कचरा रचला जात असतानाच्या प्रत्येक टप्प्याची स्थिरता तपासण्यावर भर आला.

प्रबलित मातीच्या भिंतींच्या अपयशांत भूजालक तुटण्याची उदाहरणे कमी आढळतात. बहुतेकदा पाणी हे कारण असते. निचरा न होणारी बारीक कणांची स्थानिक माती भरणे, ती पुरेशी न दाबणे आणि पावसाचे पाणी किंवा फुटलेल्या जलवाहिनीचे पाणी भिंतीमागे साचू देणे, यांमुळे भिंती फुगतात किंवा कोसळतात.

## अंथरणी व गुणवत्ता नियंत्रण

भूपटलाचे रुंद पट्टे जागेवर एकमेकांना सांधावे लागतात. तापवलेल्या पाचरीच्या यंत्राने दोन समांतर सांधे घेतात व त्यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी सोडतात. पोकळीत हवा भरून दाब टिकतो का हे पाहिले की सांधा अखंड आहे की नाही ते कळते. कोपरे व ठिगळे वितळलेले प्लास्टिक ओतून सांधतात आणि त्यावर साबणाचे पाणी लावून निर्वात पेटीने बुडबुडे येतात का ते तपासतात. याखेरीज ठरावीक अंतरावर सांध्याचे तुकडे कापून ते ओढून व सोलून पाहतात. पटलावर खडी पसरून झाल्यावर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने छिद्रे शोधण्याची पद्धतही उपलब्ध आहे. खडी पसरताना यंत्रांमुळेच पटलाला इजा होण्याचा धोका मोठा असल्यामुळे ही तपासणी महत्त्वाची असते.

प्लास्टिक उन्हाने प्रसरण पावते, म्हणून दुपारी अंथरलेल्या पटलाला सुरकुत्या पडतात. त्यामुळे पटल झाकण्याचे काम शक्यतो पहाटे किंवा थंड वेळी करतात. गुंडाळ्या वापरापूर्वी उन्हात उघड्या ठेवत नाहीत आणि अंथरलेल्या भूजालकावरून मातीचा थर पडल्याशिवाय वाहने नेत नाहीत.

## भारतातील स्थिती

भारतात जिओसिंथेटिक साहित्याचा समावेश तांत्रिक वस्त्रोद्योगाच्या ‘जिओटेक’ या विभागात होतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये १,४८० कोटी रुपये खर्चाच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला मंजुरी दिली. मुंबईतील घाटकोपर येथील बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन (बीटीआरए) ही संस्था जिओटेकसाठीचे उत्कृष्टता केंद्र असून तेथे या साहित्याच्या चाचण्या होतात. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था किनारा संरक्षणातील भूवस्त्रांच्या उपयोगावर काम करते. भारतीय मानक ब्यूरोने भूवस्त्रे, भूपटले व भूजालके यांसाठी मानके प्रसिद्ध केली आहेत.

नैसर्गिक भूवस्त्रांत भारताचे स्थान विशेष आहे. केरळमधील काथ्या उद्योग व पश्चिम बंगालमधील ताग उद्योग यांना या क्षेत्राने नवी बाजारपेठ दिली. मे २०२० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांसाठी काथ्याची भूवस्त्रे वापरण्याचा निर्णय झाला. त्यात सात राज्यांतील १,६७४ किलोमीटर रस्ते ठरवण्यात आले होते व त्यांपैकी ३२८ किलोमीटर महाराष्ट्रातील होते.

## पर्यावरणीय बाजू

वाळू, खडी व चिकणमाती यांचे उत्खनन आणि वाहतूक कमी होत असल्याने हे साहित्य वापरलेल्या बांधकामाचे कर्ब उत्सर्जन पारंपरिक पद्धतीपेक्षा अनेकदा कमी भरते. नदीपात्रातील वाळूउपशावर ताण असलेल्या प्रदेशांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. दुसरीकडे, हे साहित्य खनिज तेलापासून बनते आणि उघड्यावर राहिल्यास त्याचे तुकडे होऊन सूक्ष्म प्लास्टिक माती व पाण्यात मिसळते. समुद्रकिनाऱ्यावरील फाटलेल्या नळ्या आणि शेततळ्यांतून काढून टाकलेले जीर्ण पटल ही त्याची ठळक उदाहरणे होत. तात्पुरत्या कामांसाठी नैसर्गिक तंतूंचा वापर, उघड्या पटलावर आच्छादन आणि आयुष्य संपलेल्या पटलाचे पुनर्चक्रीकरण हे यावरील उपाय आहेत.

## हेही पहा

* मृदा यांत्रिकी
* घनकचरा व्यवस्थापन
* शेततळे
* काथ्या
* भूजल